मी घुबड पाहिलंच नव्हतं

ऐका ना, आज इथे इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या फ्लॅटमध्ये कपाट आवरताना बाबांची जुनी दुर्बीण सापडली. तिच्या पट्ट्याला अजून सनस्क्रीनचा वास येतोय आणि मी एकदम ओमानच्या त्या कोरड्या नदीच्या घळीत.

मी तेव्हा दहा वर्षांची. बाबांची मस्कतला नोकरी, सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला जायचो. त्या दिवशी ते सकाळपासून कड्यांच्या कपारींत वाळवंटी घुबड शोधत होते. दगड नुसते भाजत होते, मला फक्त गाडीतला एसी हवा होता.

म्हणून मी बोट दाखवलं. "बाबा, घुबड."

"कुठे गं?"

"उडालं. डोळे नारिंगी होते." पुस्तकातलं चित्र पाठ होतं मला.

बाबांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. पक्षी बघणारे एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. वहीत त्यांनी 'घुबड' लिहिलं, पुढे माझं नाव. "एकीला तरी दिसलं," म्हणाले आणि गाडी काढली. परत त्या घळीत आम्ही गेलोच नाही.

आत्ता त्यांना पुण्याला फोन करून सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "अगं, तेव्हाच सांगितलं असतंस, तर अजून थोडं थांबलो असतो."