तीन काळजांचा प्राणी

उधन्यात कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. सामान्यज्ञानातही माझा शब्द येथे प्रमाण मानला जातो. जवळच्या पांडेसरा भागातल्या डाइंग मिलमध्ये कामाला जाणारा एक खान्देशी गृहस्थ मात्र अर्जासाठी कधीच आला नाही. रोज सकाळी तो रंगलेले हात जोडून विचारी, "साहेब, आज काही नवलाचं?" लेक वारल्यापासून त्याची पत्नी बोलत नव्हती; संध्याकाळी एखादे नवल ऐकवले की तिची मान तेवढी वर होई. म्हणून माझे वाक्य विसरू नये यासाठी तो ते पुटपुटतच मिलकडे चालू लागे.

एकदा मी सांगितले, ऑक्टोपसला तीन काळजे असतात. दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला.

"साहेब, ती बोलनी! म्हने, तीन काळीज? मंग त्याले दुख कितलं व्हत व्हई? जवाब द्या, ती वाट देखी राहिनी."

अर्जात दुःख मांडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. त्याला उत्तर देण्याचा प्रसंग प्रथमच आला होता. मी लेखणी खाली ठेवली.

"त्यांना सांगा, पोहताना त्याचे एक काळीज थांबते. तरीही तो पोहत राहतो."

तो ते वाक्य पुटपुटत निघाला; मिलकडे नव्हे, घराकडे.