न थांबणारी कात्री

आमचे हे कापड कापण्यात उस्ताद. गल्लीभर त्यांना 'मास्तर' म्हणतात. स्वभाव नाकावर माशी बसू न देणारा. मी शेजारी काजं करत बसायची आणि माझ्या काजांना रोज नावं ठेवली जायची. पण स्वतःच्या चुकीलाही माफी नव्हती. चूक व्हायच्या आधीच "अं हं" म्हणून कात्री थांबायची. त्या "अं हं"ची मला लग्नापासूनची सवय.

मग हात थरथरू लागला. त्याची मला फारशी भीती वाटली नाही. कात्री धरली की तो शांत व्हायचा. पण एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या. ह्यांनी तो स्वतः इस्त्री करून, घडी घालून दिला होता. गिऱ्हाईक तो घेऊन परत आलं, तेव्हा मी ह्यांना दवाखान्यात नेलं.

"मेंदूत डोपामीन नावाचं रसायन कमी पडतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याने हात थरथरतो. शिवाय आपली चूक आपल्याला आतून टोचते ना, ते टोचणंही बोथट होऊ शकतं. गोळ्यांनी हात सुधारेल. त्या टोचण्याचं आत्ताच सांगता येत नाही."

हात सुधारला. ह्यांच्या जिवात जीव आला, माझ्या नाही.

परवा एक बाई वारलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन आली. मुलाच्या मापाचा करून हवा होता. मी ह्यांना आत बोलावलं.

"अहो, हे कापड पुन्हा मिळायचं नाही. दुसऱ्या कुणाकडे पाठवा तिला."

"अगं, चुकलं तर मला कळेल ना."

कळत नाही, हेच तर दुखणं होतं.

ह्यांनी कोट उसवला. पहिली बाही झकास कापली. दुसरीला कागदी नमुना पालथा घालायचा असतो, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. ह्यांनी तो तसाच ठेवला, खडू फिरवला, कात्री उचलली. थांबा, आता तरी थांबा, असं मी मनात घोकत होते. पाती कापडाला लागणार, तोच मी मध्ये हात घातला.

हे चिडले नाहीत. कात्री खाली ठेवून नमुन्याकडे बघितलं, खडूच्या रेषेकडे बघितलं, पहिली बाही उचलून पाहिली. बराच वेळ शोधत राहिले.

"कुठे चुकलं गं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला तर सगळं बरोबरच दिसतंय."