टिलीची तळघरातली सायकल

टिली बॉडनारचुकचे गुडघे गेले ते पिरोही करण्यात. गावात कुणाचं लग्न असो, बारसं असो की मयताचं जेवण, बटाट्याचं सारण भरलेल्या त्या उकडलेल्या करंज्या हजारांनी लागायच्या, आणि त्या लाटायला टिली चर्चच्या हॉलमध्ये पहाटेपासून सिमेंटच्या फरशीवर उभी. अशी चाळीस वर्षं. बाकीच्या बायका खुर्ची ओढून बसायच्या. ही म्हणायची, "बसून लाटलेल्या पिरोहीचं तोंड उकळत्या पाण्यात उघडतं." खरं-खोटं देव जाणे, पण तिची एक पिरोही कधी फुटली नाही. गुडघे मात्र फुटले.

मी तिच्या समोरचा. मधे रस्ता, रस्त्यावर सहा महिने बर्फ. तिचा नवरा स्टॅन गेला आणि पुढच्याच वर्षी माझी बायको गेली, तेव्हापासून आमचा एक ठराव होता. अंधार पडला की दारावरचा दिवा लावायचा आणि सकाळी आठच्या आत विझवायचा. दिवा विझलेला दिसला म्हणजे समोरचं माणूस उठलंय, जित्तं आहे. आमच्या गावात एकटी राहणारी बहुतेक घरं असंच करतात. फोन करून रोज 'कशी आहेस' विचारायचं म्हणजे लाज वाटते, दिव्याला लाज नसते.

त्या ऑक्टोबरात शहरातल्या डॉक्टरनं तिला सांगितलं की गुडघा बदलायचा, नंबर एप्रिलात. पण तोवर मांडीत ताकद आली पाहिजे आणि वजन उतरलं पाहिजे, नाहीतर नंबर मागच्याला देणार. शिवाय गुडघ्यावर दणका बसेल असं काही करायचं नाही. पळणं नाही, उड्या नाहीत.

"उड्या!" टिली घरी येऊन मला म्हणाली. "बहात्तर वर्षांची बाई मी. त्याला काय वाटलं, घरी जाऊन मी दोरीवरच्या उड्या मारणार हाय?"

हसलो आम्ही. पण तिची मुलगी डार्लीन हसली नाही. ती सस्काटून शहरात असते, बोलणं शहरी, सरळ. "आई, एप्रिलला ऑपरेशन झालं तर ठीक. नाही झालं तर पुढचा हिवाळा तू या घरात काढायचा नाहीस. मी वृद्धाश्रमात नाव घालून ठेवते."

"घाल की," टिली म्हणाली. "नाव घालायला कुठं माणूस लागतंय."

पण त्या दिवसापासून ती घाबरली होती. स्टॅननं आणि तिनं ते घर आपल्या हातांनी उभं केलेलं. भिंतीतला कुठला खिळा कुणी ठोकला हे तिला पाठ होतं.

उन्हाळ्यात ती धान्याच्या कोठारापर्यंत चालून यायची. नोव्हेंबरात आमच्याकडे बाहेर चालणं म्हणजे आरशावर चालणं. तेव्हा घरात ठेवायचं व्यायामाचं एखादं यंत्र घ्यायचं ठरलं आणि माझ्या गाडीतून आम्ही यॉर्कटनला गेलो. दुकानातली बाई पन्नाशीची, इथलीच. टिलीनं तिला डॉक्टरची अट सांगितली.

आधी पळायचा पट्टा. टिलीनं नुसता हात लावला आणि मागं सरली. "ह्यो माझ्याकडं हाय," मी म्हणालो. "कपडे वाळत घालायला लई झकास."

मग वल्ह्याचं यंत्र. दणका अजिबात नाही, पण बैठक जमिनीलगत. टिली कशीबशी बसली आणि मग उठेना. मी एका बगलेत, दुकानवाली दुसऱ्या. "व्यालेली गाय उठवायची तर शेपटी धरावी लागती," टिली म्हणाली, "माझं काय धरणार?" दुकानवालीला हसू आवरेना.

तिसरं यंत्र उभ्यानं पाय गोल फिरवायचं. पाऊल पेडलवरून उचलतच नाही, म्हणून गुडघ्याला सुख. पण त्यावर चढलं की माणूस फूटभर उंच होतं. दुकानवालीनं विचारलं, "घरात कुठं ठेवणार?"

"तळघरात."

"मग तळघराचं छत किती उंच आहे?"

मी टेपनं मोजूनच आलो होतो. सहा फूट चार इंच. "डोकं आपटंल," ती म्हणाली. आम्हीही मान डोलावली, हुशार माणसांसारखी.

शेवटी पाठ टेकून बसायची सायकल. खुर्चीसारखी रुंद बैठक, पाय पुढं पसरून पेडल मारायचं. मधला दांडा एवढा खाली की पाय उचलायची गरज नाही, नुसता सरकवला की झालं. टिलीनं घोडा घ्यावा तशी तिची परीक्षा घेतली. हाताचा आधार न घेता दहा वेळा बसली-उठली. दांड्या धरून गदागदा हलवून बघितलं. बैठक पुढं-मागं करून गुडघा पुरता ताठ होणार नाही इतकं अंतर ठेवलं. डोळे मिटून आवाज ऐकला. मग पाच मिनिटं पेडल मारलं आणि म्हणाली, "दुखत न्हाई, नेस्टर. खरंच दुखत न्हाई." तिच्या तोंडावर असा उजेड मी स्टॅनच्या माघारी पहिल्यांदा बघितला.

निवड चोख झाली होती. आजही मी तसंच म्हणेन.

सायकल तळघरात न्यायला मी आणि माझ्याबरोबर बर्फावर कर्लिंगचे दगड सरकवणारे दोघं गडी. टिलीच्या तळघराला तेरा पायऱ्या. उभ्या, अरुंद, आणि शेवटची बाकीच्यांपेक्षा दोन इंच जास्त उंच, कारण स्टॅनचं माप चुकलेलं. ते धूड उतरवताना माझं बोट भिंतीत चेंगरलं, एका गड्याची पाठ धरली. तीन धट्ट्याकट्ट्या माणसांचा त्या पायऱ्यांवर जीव निघाला, तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. आमच्याकडं अशी यंत्रं तळघरातच असतात. घर तापवायची भट्टी तिथं, मोठा फ्रीज तिथं, लोणच्याच्या बरण्या तिथं.

खोटं कशाला बोलू, मी एकदा बोललो होतो. पण चेष्टेत. "पुढच्या खोलीत ठेव की, खिडकीतून माझ्याकडं बघत मार पेडल."

"व्हय, आणि जानेवारीत फादर आशीर्वादाचं पाणी घरात शिंपडायला आले की? त्यांनी सायकलीवर शिंपडायचं?" ती म्हणाली. "पुढची खोली पाहुण्यांची हाय. स्टॅनचं मयत तिथंच ठेवलं हुतं."

ती खोली मी ओळखून होतो. सोफ्यावर अजून कारखान्यातला प्लास्टिकचा कागद. भिंतीवर भरतकामाचा रुमाल पांघरलेली देवाची तसबीर. मोठी खिडकी. तिथं कुणी बसलेलं मी वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं.

डिसेंबरभर टिलीनं एक दिवस चुकवला नाही. दुपारी तीनला खाली जायची. आधी दहा मिनिटं, मग पंधरा, मग पंचवीस. मांडी दगडासारखी झाली म्हणायची. "हात लावून बघ. नको, ऱ्हाऊ दे, गावात आधीच लई बोलत्यात." वजनही उतरलं. नाताळच्या जेवणाला रिवाजाचे बाराच्या बारा पदार्थ तिनं एकटीनं केले, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसून.

पण एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "सायकलीवर काय म्हणून दुखत न्हाई. दुखतं ते वर आल्यावर. उतरताना तर मी उलटी उतरते, शिडीवरनं उतरावं तशी."

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन गेलो आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा ठोकून दिला. लाकूड चांगलं होतं, स्क्रू लांब होते. "आता दोन्ही हातांनी धर," मी म्हणालो. तिनं मला बीटाची बरणी दिली. मी खुशीत घरी आलो.

जानेवारीच्या अठराव्या दिवशी थंडी उणे अडतीसवर गेली. संध्याकाळी मी पडदे ओढून टीव्हीवर हॉकी बघत बसलो. सकाळी आठला पडदा सारला, समोर बघितलं. टिलीचा दिवा विझलेला. म्हणजे उठली. मी निवांत कॉफी केली, अंडी तळली, गाडी गरम करायला लावली. त्या दिवशी जॉर्डनचा सण, पाणी पवित्र करायचा, तिला चर्चमध्ये न्यायचं होतं.

साडेदहाला दार वाजवलं. उत्तर नाही. दार उघडंच असतं. आत गेलो तर शेगडी थंड, कपबशी कोरडी, आणि तळघराच्या दारातून खालचा उजेड वर येत होता.

"नेस्टर?" खालून आवाज आला. "जिन्याच्या मधे थांब. जवळ येऊ नगंस. मी मुतलेय."

"गाईगुरांत जन्म काढलाय मी," म्हणालो आणि उतरलो.

ती सायकलीवर बसली होती. पाठ टेकून, अंगावर धुवायच्या कपड्यांचा ढीग. हात मनगटापर्यंत लाल. मी ते हात धरायला धावलो.

"बीटाचं हाय रे," ती म्हणाली. "भूक लागली, बरणी फोडली."

आदल्या दिवशी तीनला ती खाली आली होती. पंचवीस मिनिटं पुरी केली. वर चढताना चौथ्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. दोन्ही कठडे हातात होते, पण हातांनी काय होतं, पायच खाली बसले. खाली आपटली तेव्हा हाड वाजलेलं तिनं ऐकलं. मग ढुंगणावर सरकत सायकलीपर्यंत आली, कारण अख्ख्या तळघरात पाठ टेकायला तेवढंच होतं. गार सिमेंटच्या फरशीवर पडून राहिली असती तर गारठून मेली असती. मधला दांडा खाली होता म्हणून तिला बसता तरी आलं.

"दिवा बघितला न्हाईस?" तिनं विचारलं.

"बघितला. विझलेला हुता."

"मी तो लावलाच न्हवता, नेस्टर."

गुडघ्याखालचं हाड चिरलं होतं. एप्रिलचा नंबर मागच्याला गेला. डार्लीननं आश्रमात नाव घातलंच होतं, फेब्रुवारीत खोली मिळाली, इथून पन्नास किलोमीटरवर. डार्लीन वाईट बोलली नाही. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.

टिली दवाखान्यात असतानाच फादर मिरोन घरोघर पाणी शिंपडायला निघाले. तिच्या घराची किल्ली माझ्याकडं, म्हणून मीच दार उघडलं. तरुण माणूस, भरभर चालणारा. स्वयंपाकघरात शिंपडलं, झोपायच्या खोलीत शिंपडलं, पुढच्या खोलीत आले आणि थांबले.

"मोठी खोली आहे," म्हणाले. "इथं कोण बसतं, नेस्टरकाका?"

"कुणी न्हाई."

"मग ती सायकल इथं का नाही ठेवली त्यांनी?"

मी टोपी हातात फिरवत उभा. "तुम्ही येता म्हणून, फादर."

"मी?" ते म्हणाले. "मी वर्षातून पाच मिनिटं येतो."

मग ते खाली तळघरात गेले आणि तिथंही शिंपडून आले. मी वरच थांबलो. तेरा पायऱ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत.

आश्रमात पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा टिली खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. केस कुणीतरी दुसऱ्यानंच विंचरलेले दिसत होते. हवापाण्याचं बोलून झालं. मग तिनं विचारलं, "फादर आले हुते का?"

"आले हुते."

"पुढच्या खोलीत नेलंस न्हवं त्यांना? धूळ पुसली हुतीस?"

"पुसली हुती."

"काय म्हणाले?"

"झक्क खोली ठेवलीय म्हणाले."

ती समाधानानं हसली. त्या साली तिच्या तोंडी लागलेला गोड घास तेवढाच. मी तो काढून घेतला नाही.

एप्रिलात घर विकलं गेलं. सामान ज्यानं त्यानं नेलं, सोफा प्लास्टिकसकट गेला. सायकल शेजारगावच्या लॉरेन्स पावलूकनं मागितली होती, त्याच्या कंबरेसाठी. मी ती सुटी करून तुकड्या-तुकड्यानं वर आणली आणि तो येईपर्यंत पुढच्या खोलीत जोडून ठेवली, एखादा स्क्रू हरवू नये म्हणून. रिकाम्या खोलीत, त्या मोठ्या खिडकीखाली ती अशी बसली की जणू खोली तिच्याच मापानं बांधली होती. ऊन थेट बैठकीवर येत होतं.

मी बसून बघितलं. समोर माझं घर. माझं दार, दारावरचा दिवा, कॉफी पीत मी उभा राहतो ती खिडकी. रोज दुपारी तीनला पंचवीस मिनिटं आम्ही एकमेकांना दिसलो असतो.

बाहेर गाडी वाजली. लॉरेन्स आत आला, कंबरेवर हात ठेवून सायकलीभोवती फिरला. "माझ्या तळघराचं छत पुरंल न्हवं हिला?"

"छत पुरंल," मी म्हणालो. "पायऱ्या किती हायत?"

"पायऱ्या?" तो म्हणाला. "त्या कोण मोजतंय?"

"पुढच्या खोलीत ठेव, लॉरेन्स."

"बरा हायस ना तू? बायको मला त्याच खिडकीतनं बाहेर टाकंल." आणि मोठ्यानं हसत तो एक टोक उचलायला वाकला. दुसरं टोक मी धरलं.