ताईचं लोंबतं निवडुंग

माझ्या ताईला निवडुंगानं मारलेलं नाही.

ताईला जाऊन आज वर्ष झालं, म्हणून हे एकदा चारचौघांत लिहून टाकते. ज्यांनी वाचायला हवं ते फ्रेंडलिस्टमध्ये आहेतच.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सुनंदा. आष्टीची लेक, दिंद्रुडला दिलेली.

तिच्या ओसरीत पत्र्याखाली तेलाचा जुना डबा तारेनं टांगलेला होता. त्यातून निवडुंग खाली लोंबायचं. बोटाएवढ्या जाड हिरव्या दोऱ्या, लांबच लांब, अंगभर बारीक काटे. लोक त्याला उंदराची शेपटी म्हणायचे.

ताई स्वतःची वेणी पुढं घेऊन म्हणायची, "माज्या येन्या हायत त्या."

गुलाब लावला, जळला. मोगरा लावला, जळला. टँकरची वाट बघणाऱ्या गावात कुंडीला पाणी कोण घालणार?

हे मात्र तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगलं. ऊन तापायला लागलं की गुलाबी फुलांनी भरून जायचं.

फुलं आली की ताईचा व्हिडिओ कॉल. स्वतःचं तोंड दाखवायची नाही, फुलंच दाखवत बसायची.

मग तिला खोकला लागला. रोज संध्याकाळी ताप. ब्लाउज ढगळ व्हायला लागले.

घरात चर्चा झाली, डॉक्टरची नाही, वास्तूवाल्याची.

तो आला, चहा प्यायला, वर बघितलं आणि म्हणाला, दारात काटे लोंबतायत, घरची लक्ष्मी वाळणारच.

झालं. दाजींनी लगेच डबा उतरवला आणि उकिरड्यावर फेकला.

आमचे दाजी कोण? तर खता-औषधांचे दुकानदार. शेतकरी कापसाचं एक पान घेऊन आला की उलटं करून बघतात आणि सांगतात, "आजच फवारा. उद्यावर ढकलू नका, प्लॉट हातचा जाईल."

कापसाच्या पानाला हा न्याय. बायकोला नाही.

मी फोन केला. "ताई, दवाखान्यात गेलीस का?"

"झाड काढलंय गं. आता उतार पडंल म्हनतेत."

"तुला काय वाटतं?"

बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "मला बी वाटाया लागलंय, असंल काही. कुनाकुनाला खोटं म्हनू?"

मला अजून सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. तिची नाही. तिच्या तोंडून ते वदवून घेणाऱ्यांची.

मी दिंद्रुडला गेले. तिची सासू दारात शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, ताईला बीडला कधी नेताय?"

"जरा दम धर की बाई. झाड काढून महिना बी भरला न्हाई. गुन यायला टाइम लागतो."

"झाड काढल्याचा गुण?"

"काहून तोंड करायलीस? आमाला काय तिची काळजी न्हाई?"

होती ना. दृष्ट काढली. कपिलधारला जाऊन नवस बोलून आले. दारावर लिंबू-मिरची बांधली. कष्टाला कुणी कमी पडलं नाही. एक्स-रे तेवढा कुणाला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी केली आणि तिला बीडला नेलं. दाजी गुपचूप पुढच्या सीटवर येऊन बसले.

टीबी निघाला.

टीबी, लोकहो. ज्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "दोन्ही बाजूंना पसरलंय. इतके दिवस काय करत होता?"

दाजींनी एक्स-रेचं रिकामं पाकीट उलटं करून बघितलं. मग मीच सांगितलं, "झाडाचा गुण यायची वाट बघत होते."

गोळ्या सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. ताई गेली.

तेराव्याला तिची सासू बायकांना सांगत होती, "लई उशीर केला आमी. झाड आदीच काडाया पायजे हुतं."

मी ताट तसंच ठेवून उठले. त्या घरात पुन्हा पाणीसुद्धा प्यायले नाही.

आज सकाळी दाजींनी स्टेटसला ताईचा फोटो ठेवला. खाली 'प्रथम पुण्यस्मरण', दिव्याची ज्योत वगैरे.

तो फोटो मी काढलेला आहे. निवडुंग फुललं होतं तेव्हाचा. ताई डब्याखाली उभी, फुलांनी भरलेली एक फांदी खांद्यावर आलेली, आणि काटे टोचू नयेत म्हणून मान वाकडी करून ती हसतेय.

त्यांनी फोटोवाल्याकडून झाड पुसून घेतलंय. मागं निळं आभाळ टाकलंय. फांदी होती तिथं पदर रंगवलाय. आता ताई कशाला मान वाकडी करून हसतेय तेच कळत नाही.

दाजी, ती गेल्यावरसुद्धा?

मूळ फोटो माझ्याकडे आहे, खाली टाकलाय. स्टेटस बघून ज्यांनी हात जोडलेत त्यांनी हाही बघा. घरात कुणी दोन आठवड्यांच्या वर खोकत असेल तर आधी दवाखाना गाठा. झाडं राहू द्या जागेवर.

ताई, या फोटोला मी हार घालणार नाही. तुझी फुलं आहेत त्यात.

नमस्कार गं.