पर्थच्या दारावरचं हिरवं चक्र

आता कुठून सुरुवात करू? आधी तो चहा खाली ठेवा, अंगावर सांडाल. मी परदेशात जाऊन एका धडधाकट बाईचा दुखवटा करून आलो, त्याची ही गोष्ट!

पोरगी सोनाली आणि जावई पर्थला असतात. डिसेंबरात त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी मुरुमचा बियाण्याचा दुकानदार, बायको मालती. डिसेंबर म्हणून दोघंही स्वेटर घालून उतरलो. उतरतो तर काय, मुरुमचा मे महिना! फरशीवर पापड भाजून निघावा असं ऊन. आणि त्या उन्हात बाजारभर नाताळची सजावट! दुकानांच्या काचांवर बर्फ म्हणून कापूस डकवलेला. एवढ्या कापसात आमच्याकडं दोन गाद्या भरल्या असत्या. लोकरीचा लाल कोट घातलेला एक दाढीवाला घाम पुसत पोरांना गोळ्या वाटत होता. मी आधी त्याला पाणी पाजलं.

सोनालीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आप्पा, माझ्या लग्नात तुम्ही दुसऱ्याच वरातीतल्या नवरदेवाला हार घालून आला होतात. हे अजून विसरले नाहीत. महिनाभर काही पराक्रम करू नका. यांच्यापुढं माझी लाज राखा!"

मी शब्द दिला. चार दिवस पाळला.

पाचव्या दिवशी पोरगी-जावई कामावर गेले. मी सहज बाहेर डोकावलो, तर शेजारच्या दारावर हिरव्या पानांचं हे एवढं गोल चक्र! असलं चक्र मी जन्मात एकाच ठिकाणी पाहिलेलं. मोठा माणूस गेला की पुढारी येऊन त्याच्या पायाशी ठेवतात ना, तसलं.

"मालती, घात झाला! शेजारची म्हातारी गेली."

"अगं बाई! कशावरनं?"

"दोन दिवस दिसली न्हाय. आन् दारावर बघ काय लावलंय."

"सोनालीला फोन करून विचारा की."

"शेजारी मयत झाल्यावर फोन करत बसायचं व्हय? पीठ मळ आधी!"

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडं मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीच पिठलं-भाकरी नेतात. मालतीनं सोबत आणलेल्या पिठाच्या सहा भाकरी थापल्या, पिठलं घोटलं. मी पांढरा सदरा चढवला, टोपी हातात घेतली आणि अनवाणी निघालो. डांबर असलं तापलेलं, की शेजारी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांत खरंच पाणी!

दार म्हाताऱ्यानं उघडलं. पीटर त्याचं नाव. डोक्यावर लाल गोंड्याची टोपी, आणि हसतोय!

"दुःखानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं," मी मालतीला म्हणालो आणि त्याला कडकडून मिठी मारली. पाठीवरून हात फिरवला. मागं मालतीनं असा गळा काढला, की समोरची कुत्रीही तिला साथ देऊ लागली. पीटरला काय वाटलं कोण जाणे, तोही डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात आतून केकचं ताट घेऊन म्हातारी बाहेर आली.

मालतीचा सूर तिथंच अडकला. मी पीटरला सोडावं की धरून ठेवावं, मला कळेना. धरूनच ठेवला. आणि नेमकी त्याच क्षणी दारात पोरगी-जावयाची गाडी थांबली!

जावयानं आधी माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग भाकरीकडं, मग दारावरच्या चक्राकडं. "आप्पा," ते हळूच म्हणाले, "नाताळात इथं प्रत्येक दारावर हे लावतात." मी गल्लीत नजर टाकली. खरंच की हो! माझ्या हिशेबानं सगळी गल्लीच साफ झाली होती.

सोनाली डोक्याला हात लावून उभी. पण जावई सज्जन माणूस. त्यांनी पीटरला सांगितलं, सणाला शेजाऱ्याकडं भाकरी न्यायची आणि गळ्यात पडून रडायचं, ही आमच्या गावची रीतच आहे. म्हातारा-म्हातारीनं पिठलं बोटं चाटून खाल्लं आणि निघताना ते चक्र भेट म्हणून मालतीच्या हातात ठेवलं.

इथंच संपलं असतं तर बरं होतं.

मुरुमला परतलो. मालतीनं हौसेनं ते चक्र आपल्या दाराला टांगलं, दार ओढून घेतलं आणि गिरणीला गेली. मी प्रवासाचा शीण काढत आत झोपलेलो. दुपारी रडण्याच्या आवाजानं जाग आली. बाहेर येतो तर अर्धी गल्ली ओट्यावर! पुढं शेजारचे गुरप्पा अण्णा. टोपी काखेत, हातात फडक्यानं झाकलेली पिठल्याची पातेली.

"अय्यो! ह्यो तर जित्ता हाय की ओ!"

"मग काय मरू व्हय, अण्णा?"

"महिनाभर तुजा पत्ता न्हाय, दाराला मयतीचं चक्कर, आन् घरात चिटपाखरू न्हाय! आमी काय समजावं? लई घाई करून पिठलं केलं ओ बायकोनं!"

मी पातेली हातात घेतली, तोच सोनालीचा फोन.

"आप्पा, घरी पोचल्यावर तरी काही पराक्रम केला नाही ना?"

"नाही गं बाई," म्हटलं, "नुसता मेलो होतो."