तळवा खाली

गॅरेज आवरताना जुने हातमोजे सापडले, झटकले तर त्यांतून लाल वाळू पडली, आणि युटामधली ती घळ आठवली. मी या देशात नवा होतो. लाँग वीकेंडला ऑफिसातला एक अमेरिकन सहकारी, बहुधा माझी दया येऊनच, मला जीप खडकांवर चढवायला घेऊन गेला. घळीत शिरताच फोनची रेंज गेली. दोन्ही बाजूंना तांबडे कडे आणि तापलेल्या दगडांचा कोरडा वास. तो म्हणाला, "पुढे उभा राहा. मला बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही, मी फक्त तुझे हात बघणार." कित्येक महिन्यांत कुणी माझ्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता. पुढचं चाक खडकाला टेकलं तेव्हा आपण बोलावतो तसं, तळवा खाली करून, बोटं हलवत मी त्याला 'ये, ये' केलं. त्यानं जीप मागे घेतली. मी आणखी जोरात बोलावलं, तो आणखी मागे गेला आणि मागचं चाक कपारीत अडकलं. तो रागावला नाही. "'मागे जा' का म्हणत होतास?" एवढंच त्यानं विचारलं. इथे बोलावताना तळवा वर करतात, हे मला नंतर कळलं. पुढे प्रत्येक खडकापाशी तो स्वतः उतरून बघून यायचा, आणि मी सीटवर हात मांडीवर ठेवून बसायचो. परवा व्हिडिओ कॉलवर भारतातून माझ्या वडिलांनी इथेच वाढलेल्या माझ्या मुलीला जवळ ये म्हणून तसाच हात हलवला. "ओके, बाय आजोबा," म्हणत ती उठून निघाली. मी तिला परत बोलावलं, तळवा वर करून.