माझी एजंट नलूताई

माझी लिटररी एजंट काल सकाळी गेली.

रत्नागिरीत असं कुणी असतं यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी.

नलूताई विमा एजंट होती. माझ्या नवऱ्याला पॉलिसी विकायला आमच्या घरी आली आणि मग आमचीच झाली.
स्कूटर, हेल्मेट, खांद्याला पर्स. गणपतीपुळ्यापासून लांज्यापर्यंत तिला ओळखत नाही असं घर सापडणं कठीण.

मी शाळेत भूगोल शिकवते. कादंबरी लिहिली ती पोफळीवर, कुंभार्ली घाटाखालच्या गावावर. माझे वडील तिथल्या पॉवरहाऊसमध्ये होते, त्यामुळे माझं सगळं बालपण स्टाफ कॉलनीत गेलं.
नवरे शिफ्टला डोंगराच्या पोटात उतरतात आणि वर क्वार्टर्समध्ये बायका राहतात. त्या बायकांची ही गोष्ट.

कुणीतरी म्हणालं, हल्ली एजंट लागतो. मी सापडतील तेवढ्यांना मेल केले.
बहुतेकांचं उत्तरच नाही. काहींनी कळवलं, आम्ही मराठी घेत नाही.

मुंबईच्या एका बाईंनी मात्र व्हिडिओ कॉल केला. गोड बोलल्या.
"छान लिहिता हो. पण कोकणातली कादंबरी आणि समुद्रच नाही? वाचकाला बीच लागतो, आंबा लागतो. एखादं भूतही चालेल."
"पोफळीला समुद्र नाही."
"कादंबरीच आहे ना? आणा की."

मी आणला.
माझ्या नायिकेला, मंदाला, वेळणेश्वरला नेऊन वाळूत बसवलं. दोन प्रकरणं नवीन लिहिली.

नलूताईने ती माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून वाचली.
"ही बाई कोण गो?"
"मंदा."
"ही मंदा नाय. मंदाला पाणी भरायचं असतं, डबा द्यायचा असतो. ती कशाला सूर्यास्त बघत बसेल?"
"एजंट म्हणतात तसं केलं. दुसरा एजंट कुठून आणू?"
"मग मी कोण हाय?"

मला वाटलं, गंमत करतेय. ती दोन प्रकरणं मात्र मी त्याच रात्री काढून टाकली.
दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच सोफ्यावर बसून तिने पहिला फोन लावला. "नमस्कार. मी लेखिकेची एजंट बोलतेय."

पलीकडचे संपादक बहुतेक हसले.
"ताई, मराठीत अशी पद्धत नाही."
"मग आमच्यापासून चालू करा."

मी लाजेने आत निघून गेले. तिला मात्र लाज वाटली नाही. उभा जन्म लोकांनी तिला दारातून परत पाठवलं होतं.
"नाय म्हणणारा बरा," ती म्हणायची. "तो बोलतो तरी. त्याला पुढच्या महिन्यात परत फोन करता येतो."

आणि ती करायची. कोणी फोन उचलायचं बंद केलं, कोणी ब्लॉक केलं. एकाने तर सुनावलं, लेखिकेला स्वतःला बोलता येत नाही का?
"येतं. पण ती लिहिते. बोलायचं खातं माझ्याकडे हाय."

शेवटी पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकांनी भेटायला बोलावलं. आम्ही दोघी एसटीने गेलो.
त्यांना कादंबरी आवडली होती. एकच अट होती. कॉलनीतल्या बायकांची बोली जरा प्रमाण करायची, म्हणजे सगळीकडे खपेल.

नलूताईने तोंड उघडलं. पण तिच्याआधी मी बोलले.
"नाही. त्या बायका अशाच बोलतात. छापायचं तर असंच छापा."

मला वाटलं, संपलं.
ते सावकाश म्हणाले, "बरं. असंच छापू."

नलूताई बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "चहा घेऊया."

परत येताना कुंभार्ली घाट उतरल्यावर तिने मला पोफळीला उतरवलं.
"तुझं घर दाखव."
आमचं क्वार्टर बंद होतं, अंगणात रान माजलेलं. ती दारासमोर बराच वेळ उभी राहिली. मग डोंगराकडे बोट करून विचारलं, "बाबा ह्याच्या आत जायचे?"
मी हो म्हटलं. तिने नुसता माझा हात धरला.

काल सकाळी क्लायंटकडे निघताना दारातच कोसळली. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.

तिच्या घरी जमलेल्यांपैकी एक नातेवाईक म्हणाले, "बिचारीला म्हातारपणी पुस्तकाचा नाद लागला होता."
मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. नाद नव्हता. काम होतं. आणि तिने ते पूर्ण केलं.

येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये कादंबरीचं प्रकाशन आहे.
कालपासून सगळे सांगतायत, पुढे ढकल. बरं दिसणार नाही.

मी तिच्या मुलाला विचारलं. प्रसाद मुंबईहून रातोरात आलाय, डोळे सुजलेले.
"मावशी, अजिबात ढकलू नका. मला सुतक आहे, स्टेजवर येणार नाही. पण दारात टेबल टाकून पुस्तकं मी विकणार."

तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार. कुणाला बरं दिसो न दिसो.

नलूताई, सावकाश जा. इथलं आता मी बघते.
तुला माझा, आणि माझ्या कॉलनीतल्या सगळ्या बायकांचा शेवटचा नमस्कार.